संततीचे व्रत दोघांचे



श्रीक्षेत्र गाणगापूर येथे भीमा-अमरजा संगमावर स्नान करून प्रदक्षिणा घालणाऱ्यांत संततीची आस धरून आलेल्या स्त्रिया पुष्कळ असतात. बीदर, भालकी, बसवकल्याण, आळंद या भागांतील मराठी घरांतून गुरुचरित्राचा सप्ताह होतो. त्यातील ३९ वा अध्याय अशा भगिनींच्या मनास विशेष भिडतो. आज त्याचाच विचार करू.

सोमनाथ नामक ब्राह्मणाची पत्नी गंगाबाई. वय ६० वर्षे आणि कूस रिकामी. श्रीगुरूंनी इच्छा विचारली, तेव्हा तिने पुढील जन्मी तरी पुत्र व्हावा एवढेच मागितले. या जन्माची आशा तिने सोडली होती. पूर्वी केलेल्या अश्वत्थसेवेचे फळ न दिसल्याने ती उद्वेगाने बोलली. श्रीगुरूंनी तिला परत धाडले नाही. अश्वत्थाची निंदा करू नये असे समजावून त्यांनी संगमावरील अश्वत्थाची सेवा तिला पुन्हा सांगितली. पुढे तिला प्रथम कन्या झाली, मागाहून पुत्र.

आम्ही पुजाऱ्याच्या घरी वाढलो. देवळात संततीसाठी नवस बोलावयास येते ती बहुधा एकटी सून, नाही तर सासूच्या मागून खाली मान घालून चालणारी सून. मुलगा क्वचितच दिसतो. वस्तुतः सत्यनारायणाच्या पूजेत पती संकल्पाचे उदक सोडतो, तेव्हा पत्नी त्याच्या हातास हात लाविते. कार्य दोघांचे, संकल्प दोघांचा. मग संततीसारख्या महत्कार्यात भार मात्र एकटीवर का?

वैद्यकशास्त्रही हेच सांगते. संतती न होण्याचे कारण कधी स्त्रीच्या ठायी, कधी पुरुषाच्या ठायी, तर कधी दोघांच्याही ठायी असते. वर्षभर एकत्र संसार करूनही दिवस न राहिल्यास दोघांनी मिळून डॉक्टरांकडे जावे. स्त्रीचे वय ३५ च्या पुढे असल्यास ६ महिन्यांनीच जावे. पुरुषाची तपासणी सोपी व बिनत्रासाची असते. म्हणून ती आरंभीच व्हावी. पतीने तंबाखू, गुटखा व मद्य सोडावे. तेही व्रतच आहे. पुरुषाची तपासणी न करिता सुनेस वांझ म्हणणे, किंवा दुसऱ्या लग्नाची भाषा काढणे, हा आमच्या मते अधर्म होय. नवस अवश्य बोलावा. पण नवसाचा नारळ दोघांच्या हातांनी वाढवावा, आणि दवाखान्याची पायरीही दोघांनी मिळूनच चढावी.

श्रीकृपेने दिवस राहिले, म्हणजे हेच व्रत पुढे चालवावयाचे असते. पहिल्या १२ आठवड्यांच्या आत नाव नोंदवून ताई कार्ड घ्यावे. सन २०१६ पासून दर महिन्याच्या ९ तारखेस सरकारी दवाखान्यांतून गर्भवतींच्या विनामूल्य तपासणीची योजना आहे. कर्नाटक सरकारने २ ऑक्टोबर २०१७ पासून अंगणवाडीत गर्भवतींस पूर्ण जेवण देण्याची मातृपूर्ण योजना सुरू केली. लोहाची गोळी नित्य घ्यावी. गोळीबरोबर चहा नको, लिंबू चांगले. आमच्या मुलखाची ज्वारीची भाकरी, तुरीचे वरण, पालेभाजी व शेंगदाणे यांनी तिचे ताट भरावे. गर्भिणीने कडक उपास करू नयेत. तिचे उपास घरातील इतरांनी करावे. देव रागावणार नाही.

पहिलटकरणीस बाळाची हालचाल बहुधा पाचव्या महिन्याच्या सुमारास जाणवते. तो आनंद तिने प्रथम पतीस सांगावा, इतका तो तिच्या जवळ असावा. रक्तस्राव, असह्य डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, तोंडावर सूज, झटके, किंवा बाळाची हालचाल मंदावणे, यांपैकी काहीही दिसल्यास अंगारा लावून वाट पाहू नये. तत्काळ दवाखाना गाठावा. अंगारा वाटेतही लाविता येतो.

कधी पहिल्या तीन महिन्यांतच गर्भ गळतो. त्याचे कारण बहुधा गर्भाच्या घडणीतच असते. तिने पाणी भरले किंवा ती पायरी उतरली म्हणून ते घडत नाही. अशा वेळी तिला बोल लावू नये. तिच्याइतकेच दुःख पतीसही असते. दोघांनी ते एकत्र सोसावे.

शेवटी एक सांगणे. गंगाबाईस प्रथम कन्या झाली, आणि श्रीगुरूंनी तिचे कौतुकच केले. गर्भाचे लिंग पाहणे सन १९९४ च्या कायद्याने गुन्हा आहे. श्रीगुरूंच्या भक्तास तर कायद्यावाचूनही ते निषिद्ध असावे. जे बाळ येईल ते प्रसाद म्हणून ओंजळीत घ्यावे. ती ओंजळ चार हातांची असावी, हीच श्रीचरणी प्रार्थना.

॥ श्रीगुरुदेव दत्त ॥