नारळ आणि रिकामे हात



कोणाची नोकरी गेली की आपण मराठीत म्हणतो, 'त्याला नारळ दिला.' या बोलण्यात उपहास आहे हे उघडच आहे. परंतु त्या उपहासाच्या पोटात एक जुना मान दडलेला आहे. श्रीफळ हे आपल्याकडे निरोपाचे देणे. आलेल्या पाहुण्याला, निवृत्त होणाऱ्या शिक्षकाला रिकाम्या हाताने जाऊ देऊ नये, म्हणून हाती नारळ ठेवायचा. ज्यांनी हा वाक्प्रचार रूढ केला, त्यांना मनुष्याला निरोप देताना काहीतरी द्यावे लागते एवढे तरी ठाऊक होते. हल्ली तरुणांच्या नोकऱ्या जाण्याच्या बातम्या वाचताना मनात येते की, वाक्प्रचार तेवढा उरला आहे, नारळ गेला आहे.

यास्तव आज एका प्रश्नाचा आपण विचार करू. कामावरून दूर करण्याचा अधिकार धन्याला असेल, तर त्या अधिकारासोबत त्याच्यावर कोणते ऋण येते? आणि तो जे करतो त्याला नाव काय द्यावे?

म्हैसूरचे उदाहरण घेतो, कारण तेथे महाराष्ट्रातील कित्येक घरांतील मुले जातात. शहराच्या हेब्बाळ औद्योगिक भागात इन्फोसिस कंपनीचे तीनशेहून अधिक एकरांचे आवार आहे. देशभरातून निवडलेले नवे अभियंते तेथे राहून प्रशिक्षण घेतात. मोठमोठ्या खांबांची ती प्रशिक्षण-इमारत ज्यांनी पाहिली आहे, त्यांना आपले मूल तेथे पोहोचल्यावर आईबापांना काय वाटत असेल हे सांगावे लागणार नाही. त्याच आवारातून ७ फेब्रुवारी २०२५ रोजी तीनशेहून अधिक प्रशिक्षणार्थींना दूर करण्यात आले. पुण्यातील 'नाइट्स' या माहिती-तंत्रज्ञान कर्मचाऱ्यांच्या संघटनेने हा आकडा सुमारे सातशे असल्याचे सांगितले व केंद्रीय कामगार मंत्रालयाकडे तक्रार केली. कंपनीचे म्हणणे असे की, अंतर्गत परीक्षेसाठी प्रत्येकाला तीन संधी दिल्या जातात, ही अट नेमणुकीच्या करारातच असते आणि ही पद्धत दोन दशकांहून अधिक काळ चालू आहे.

यांतील अनेकांनी २०२२ साली पदवी घेतली होती. नेमणुकीचे पत्र हाती पडल्यावर प्रत्यक्ष रुजू होण्यासाठी त्यांना सुमारे दोन वर्षे वाट पाहावी लागली आणि २०२४ च्या अखेरीस ते म्हैसूरला आले. इतकी वाट पाहिल्यावर काही महिन्यांतच निरोप. त्याच दिवशी सायंकाळपर्यंत आवार सोडण्यास सांगितले गेले, असे वृत्तपत्रांत आले. एका मुलीने आजची एक रात्र येथे राहू द्या, उद्या निघते, अशी विनवणी केल्याचेही त्यात होते. वाचक, त्या परीक्षेत काय विचारले होते हे आपल्याला कळण्याचे कारण नाही. परंतु परक्या शहरात संध्याकाळी सहा वाजता हातात पेटी घेऊन उभी असलेली मुलगी आपल्याला कळते.

कंपनीची बाजू न्यायाने मांडली पाहिजे. ज्याला काम येत नाही त्याच्या हाती काम सोपवणे हाही अन्यायच आहे. शस्त्रक्रिया न जमणाऱ्याला दयेपोटी शल्यविशारद करावे असे कोणी म्हणणार नाही. करारही दोघांच्या सहीने झालेला असतो. पुढे राज्याच्या कामगार खात्यानेही, हे प्रशिक्षणार्थी असल्यामुळे नियमित कर्मचाऱ्यांच्या कपातीचे नियम त्यांना लागू होत नाहीत, अशी भूमिका घेतल्याचे वृत्त आले. कायद्याच्या दृष्टीने तेथे विषय संपतो. नीतीच्या दृष्टीने मात्र तो तेथे सुरू होतो.

कारण 'नापास झाला म्हणून गेला' हे वाक्य वाटते तितके निर्दोष नाही. जे उत्तीर्ण झाले त्यांचे काय होते, तेही पाहू. याकरिता थोडे दूरच्या एका व्यवसायाकडे वळतो. आपल्या घरातील मुले संगणकावर व मोबाइलवर जे व्हिडिओ गेम खेळतात, ते रचणाऱ्या कारखान्यांना स्टुडिओ म्हणतात. चित्रकार, संगीतकार, लेखक आणि संगणकतज्ज्ञ तेथे वर्षानुवर्षे एकाच कृतीवर राबतात. मायक्रोसॉफ्टने ऑक्टोबर २०२३ मध्ये एक मोठी गेम कंपनी सुमारे ६९ अब्ज डॉलरना विकत घेतली आणि जानेवारी २०२४ मध्ये आपल्या गेम विभागातील १,९०० जणांना कमी केले. त्याच वर्षी मे महिन्यात तिने टोकियोतील टँगो गेमवर्क्स हा स्टुडिओ बंद करण्याचे जाहीर केले. या स्टुडिओच्या 'हाय-फाय रश' या खेळाला पाचच महिन्यांपूर्वी ध्वनिरचनेचा मानाचा पुरस्कार मिळाला होता. रसिकांनी वाखाणलेला, पारितोषिक मिळवलेला, म्हणजे प्रत्येक परीक्षेत पहिल्या वर्गात आलेला स्टुडिओ! ऑगस्टमध्ये कोरियातील क्राफ्टन या कंपनीने तो आपल्याकडे घेतला. त्या कारागिरांच्या अंगचे गुण मे महिन्यात नाहीसे झाले नव्हते आणि ऑगस्टमध्ये नव्याने उगवलेही नव्हते.

आपल्या पुण्याचेही एक उदाहरण आहे. तेथे नोकऱ्या गेल्या नाहीत, काम गेले. युबिसॉफ्ट या फ्रेंच कंपनीने 'प्रिन्स ऑफ पर्शिया' मालिकेतील एका गाजलेल्या खेळाचे नवे रूप घडवण्याचे काम पुणे व मुंबई येथील स्टुडिओंकडे दिले होते. सप्टेंबर २०२० मध्ये त्याची झलक दाखवताच जगभरातून टीका झाली, आणि मे २०२२ मध्ये ते काम काढून मूळ मॉन्ट्रियल स्टुडिओकडे सोपवले गेले. आपल्या मुलांना जमले नाही, असे पुष्कळांनी म्हटले असेल. पुढे जानेवारी २०२६ मध्ये कंपनीने तो खेळच रद्द केला. मॉन्ट्रियलच्या अनुभवी हातांतूनही तो बाहेर आला नाही. पण तेव्हा 'जमले नाही' हा शब्द कोणी उच्चारल्याचे माझ्या वाचनात नाही.

तेव्हा नापास झालेलाही जातो आणि पारितोषिक मिळवणाराही जातो. दाराबाहेर दोघे एकाच रस्त्यावर उभे असतात. मग जाण्याचे खरे कारण पुष्कळदा जाणाऱ्याच्या अंगी नसून धन्याच्या हिशेबात असते. हिशेब खोटाच असतो असे नव्हे; तोटा खरा असू शकतो, बाजार खरोखर पडू शकतो. परंतु हिशेबाला हिशेब म्हणावे, त्याला जाणाऱ्याचा दोष म्हणू नये. टी.सी.एस.ने जुलै २०२५ मध्ये बारा हजारांहून अधिक माणसे कमी करण्याचे ठरवले, तेव्हा कौशल्यांचा मेळ बसत नाही असे कारण पुढे आले. मेळ न बसणे ही दोन पक्षांमधील गोष्ट. ती एकाच पक्षाच्या माथी कशी बसते, याचा विचार व्हावा.

शब्दांशी माझे रोजचे काम असल्यामुळे या ठिकाणी थोडे रेंगाळतो, वाचकांनी क्षमा करावी. मत्तयाच्या शुभवर्तमानातील द्राक्षमळ्याच्या दाखल्यात चौकात उभे असलेले जे मजूर आहेत, त्यांच्यासाठी मूळ ग्रीक शब्द 'आर्गोस' असा आहे. 'एर्गोन' म्हणजे काम, आणि त्यामागे आपल्या संस्कृतसारखाच नकाराचा 'अ'. ज्याच्याजवळ काम नाही तो. आळशी असाही त्याचा अर्थ इतरत्र होतो. पण या ठिकाणी मजूर स्वतःच आपले कारण सांगतात की, आम्हांला कोणी कामाला लावलेच नाही. मराठीत 'रिकामा' शब्द आपण घातला की लगेच 'रिकामटेकडा' त्याच्या मागे येऊन उभा राहतो. दाखल्यातील धनी मात्र त्यांचे उत्तर ऐकून घेतो, त्यावर शंका घेत नाही आणि त्यांना मळ्यात पाठवतो. कामाचा अभाव आणि गुणाचा अभाव यांत त्याने गल्लत केली नाही.

दुसरा शब्द इब्री आहे. अनुवादाच्या पंधराव्या अध्यायात असा नियम आहे की, सहा वर्षे चाकरी केलेल्या दासाला सातव्या वर्षी मोकळे करताना त्याला रिकामे पाठवू नये. कळपातून, खळ्यातून व द्राक्षकुंडातून त्याला द्यावे. तेथे 'रिकामे' या अर्थी जो शब्द आहे, तो 'रेकाम'. आपल्या 'रिकाम्या'शी त्याचे नाते काही नाही, आपला शब्द संस्कृत 'रिक्त'मधून आला, केवळ योगायोग. पण कानाला तो असा लागतो की, इब्री शिकणारा मराठी विद्यार्थी तो शब्द कधी विसरत नाही. हाच शब्द याकोब लाबानाला सुनावताना वापरतो: देव माझ्या बाजूचा नसता तर तू मला वीस वर्षांच्या चाकरीनंतर रिकामेच घालवले असतेस. मिसरातून निघणाऱ्या दासांविषयीही हाच शब्द आहे. रूथच्या पुस्तकात तर तो दोनदा येतो. नामी म्हणते, मी रिकामी परत आले. आणि पुढे बवाज रूथच्या पदरात सहा मापे जव घालतो तो सासूकडे रिकामी जाऊ नकोस म्हणून.

आता गंमत पाहा. त्या दासाला 'द्यावे' यासाठी जे क्रियापद आहे, ते 'अनाक' म्हणजे गळ्यातील हार या शब्दापासून झाले असे बहुतेक कोशकार मानतात. जणू जाणाऱ्याच्या गळ्यात काही घालून त्याला पाठवावे. आपला नारळ आणि हा हार यांत मला तरी फार अंतर दिसत नाही. विसाव्या शतकात यहुदी न्यायशास्त्रज्ञांनी नोकरी सुटताना द्यावयाच्या रकमेचा आधार याच वचनांत शोधला. नियमाचे कारणही तेथेच दिले आहे: तूही एकदा दास होतास, हे आठव. दासाने काम चांगले केले की वाईट, याची चौकशी नियमात कोठेही नाही.

यावर कोणी म्हणेल, सहा वर्षे राबलेल्याची गोष्ट वेगळी, चार महिन्यांच्या शिकाऊ मुलाची वेगळी. आक्षेप रास्त आहे. मग लूकच्या सोळाव्या अध्यायातील कारभारी घ्या. त्याच्यावर तर मालमत्ता उधळल्याचा आरोप होता. धनी त्याला काढतो. पण हिशेब दे असे सांगून काढतो, आणि हिशेब देईपर्यंत मध्ये काही काळ जातो. खणण्याची शक्ती नाही, भीक मागण्याची लाज वाटते, पुढे काय करावे, हा विचार करण्यापुरती उसंत त्याला मिळते. त्या उसंतीचा त्याने काय उपयोग केला ही दुसरी गोष्ट. उधळ्या कारभाऱ्याला जी मुदत मिळाली, ती तीन परीक्षांत मागे पडलेल्या बावीस-तेवीस वर्षांच्या मुलांना का मिळू नये?

धन्यांविषयी पुष्कळ झाले. आपले काय? असा मुलगा घरी परततो तेव्हा मंडळीच्या दारात त्याला पहिला प्रश्न कोणता ऐकू येतो? नेमणूक झाली तेव्हा आपण उपासनेत आभाराची प्रार्थना केली होती आणि ती कंपनीचे नाव घेऊन केली होती. ते नाव घेतले नसते, तर आज त्याला मागच्या बाकावर बसावेसे वाटले नसते. शिवाय आपल्याकडे एक विशेष वाईट खोड आहे: त्याच्या अपयशाला आध्यात्मिक कारण शोधण्याची. प्रार्थनेत कमी पडला असेल, देवाची योजनाच निराळी असेल. कंपनी निदान परीक्षेचे गुण दाखवते, आपण तेवढेही दाखवत नाही. ईयोबाचे मित्र सात दिवस गप्प बसले तोवर चांगले होते.

म्हैसूरला बंद पडलेल्या दारांचा अनुभव नवा नाही, हे सांगून पुढे जातो. याच शहरात आयडियल जावा कंपनीचा कारखाना होता. १९६१ पासून तेथे जावा आणि नंतर येझदी मोटारसायकली तयार होत. १९९६ साली तो बंद पडला. आजही दर जुलैमध्ये जावा दिवसाच्या निमित्ताने त्या जुन्या गाड्या रस्त्यावर मिरवतात, लोक कौतुकाने पाहतात. यंत्राला मान मिळतो. ज्यांनी ती जोडली त्या कामगारांना शेवटच्या दिवशी दारातून कसे पाठवले, हे मात्र त्या मिरवणुकीत कोणी विचारत नाही.

इन्फोसिसमध्ये एप्रिल २०२५ मध्ये प्रशिक्षणार्थींची आणखी एक तुकडी, दोनशे चाळीस जणांची, त्याच नियमाने दूर झाली. परंतु या वेळच्या पत्रात एक महिन्याच्या वेतनाएवढी रक्कम होती, दुसऱ्या प्रकारच्या कामासाठी बाहेरील संस्थांकडून प्रशिक्षणाचा पर्याय होता, बंगळूरपर्यंत वाहनाची व गावी जाण्याच्या खर्चाची तजवीज होती, आणि निघेपर्यंत आवारातच राहण्याची मुभा होती. परीक्षा तीच, संधी तितक्याच, निकालही तोच. फेब्रुवारीच्या बातमीत सायंकाळ होती. एप्रिलच्या पत्रात मुक्काम आला. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेत, कपात झालेल्या कामगाराच्या पुनःप्रशिक्षणासाठी मालकाने पंधरा दिवसांचे वेतन एका निधीत भरावे आणि ते पंचेचाळीस दिवसांत त्या कामगाराच्या खात्यात जावे, अशी तरतूद आहे. ती 'कामगार' या व्याख्येत बसणाऱ्यांसाठी आहे. शिकाऊ मुलांना तिचा आधार मिळणे कठीण आहे. त्यांच्या पदरात काय घालायचे, हे अजून ज्याच्या त्याच्या हातात आहे.