पाऊस थांबेपर्यंत कशाला थांबायचं?



आजचं वाचन : भगवद्गीता, अध्याय २, श्लोक १४.

आधी साधा अर्थ. भगवंत अर्जुनाला सांगतात, इंद्रियांचा बाहेरच्या जगाशी संबंध आला की थंडी-उष्णता, सुख-दुःख हे अनुभव येणारच. ते येतात आणि जातात, कायमचे राहत नाहीत. म्हणून ते सोस. हे सोसणं म्हणजेच 'तितिक्षा'.

गंमत बघा. कृष्णाचा खरा उपदेश याच अध्यायाच्या अकराव्या श्लोकापासून सुरू होतो. म्हणजे जेमतेम चौथा श्लोक, आणि उदाहरण कशाचं? हवेचं. समोर दोन्ही सैन्यं उभी आहेत, आत्मा अमर आहे वगैरे मोठमोठ्या गोष्टी चालल्यात, आणि भगवंत मध्येच थंडी-उन्हावर येतात.

हा श्लोक मी कॉलेजपासून वाचतोय. पण तो मला नीट कळला मागच्या आषाढात, भंडारदऱ्याला, हातात भिजलेला कागद धरून उभा असताना. ती गोष्ट आज सांगतो. थोडी लाज वाटते, तरी सांगतो.

मी पुण्यात आयटीत आहे. 'होतो' म्हणायला हवं. त्या जूनमध्ये आमची अख्खी टीम एका कॉलवर कमी केली. अकरा मिनिटांचा कॉल. दुसऱ्या दिवशी लॅपटॉप परत केला. पण घरी सांगितलं नाही. बायकोची परीक्षा होती, ती होऊ दे म्हटलं. मग तिच्या माहेरी कार्य होतं, ते होऊ दे म्हटलं. मग आईचं बीपी वाढलं. रोज सकाळी डबा घेऊन, बॅग लावून निघायचो आणि एका वाचनालयात बसून अर्ज भरायचो. 'योग्य वेळ आली की सांगू', असं चाललं होतं. असे तीन आठवडे गेले.

आषाढी झाल्यावर शनिवार-रविवारला जोडून आम्ही संगमनेरला गेलो, आईबाबांकडे. मला जलरंगांचा नाद आहे. मिलिंद मुळीक यांची पुस्तकं समोर ठेवून शिकलोय, फार काही येत नाही. पण घरात बसवेना. शनिवारी पहाटेच रिकाम्या लॅपटॉपच्या बॅगेत रंग, ब्रश, कागद कोंबले आणि अकोले-राजूरमार्गे भंडारदऱ्याला गेलो.

ज्यांनी तो भाग पाहिला नाही त्यांच्यासाठी : आपला जिल्हा पावसाच्या बाबतीत दोन टोकांचा आहे. पूर्वेकडे पाथर्डी-कर्जतकडे वर्षाला पाचशे-सहाशे मिलिमीटर पडला तरी लोक समाधान मानतात. आणि पश्चिमेला सह्याद्रीच्या कड्यावरचं घाटघर, त्याला नगरची चेरापुंजी म्हणतात. भंडारदऱ्याचं धरण त्याच पट्ट्यात. १९२६ साली पूर्ण झालेलं, प्रवरेवरचं. पलीकडे रतनगड, अलीकडे १६४६ मीटरचं कळसूबाई, महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर. आषाढात ही दोन्ही नावं फक्त नकाशावर असतात. प्रत्यक्षात दिसतं ते पांढरं धुकं.

शेंडीतून रतनवाडीकडे जाणाऱ्या रस्त्यावर जलाशयाच्या काठी जागा धरली. रतनगड दिसत होता, माथ्यावरचं नेढंसुद्धा. पेन्सिलीने आकार काढून आभाळाचा पहिला हात देईपर्यंत गड गायब! पाऊस आला, छत्री उघडली. पाऊस गेला, ऊन आलं. पाण्याचा रंग करड्याचा हिरवा झाला. मी हिरवा कालवतोय तोवर परत करडा.

जलरंगाचं एक शास्त्र आहे. कागदावर दिलेलं पाणी किती वेळात वाळेल, यावर सगळं चालतं. एप्रिलच्या उन्हात नगरला चित्र काढायला बसा, ब्रश टेकवायच्या आत रंग वाळतो. इथे उलटं. हवेतच इतका ओलावा की वीस मिनिटं झाली तरी आभाळ ओलंच. त्या अर्धवट ओल्या रंगावर पावसाचा एक थेंब पडला की रंग बाजूला ढकलला जातो आणि फुलकोबीसारखे फाटे फुटतात. माझ्या आभाळात असे चार-पाच फुलकोबी उगवले. मी कागद फाडला. दुसरा घेतला. तोही फाडला. मग ठरवलं, पाऊस पूर्ण थांबू दे, हवा स्थिर होऊ दे, मगच सुरू करू. छत्रीखाली हात बांधून बसलो. मनात राग : आज एवढ्या लांब आलो आणि नेमकी आजच ही हवा!

रस्त्याच्या खालच्या अंगाला खाचरांत भाताची आवणी चालली होती. डोक्यावर प्लास्टिकचे कागद घेतलेल्या बायका गुडघाभर चिखलात वाकून रोपं लावत होत्या. मी पावसाला शिव्या देत होतो आणि त्या त्याच पावसासाठी जूनपासून डोळे लावून बसल्या असणार. त्यातली एक आजी रोपांची जुडी घ्यायला वर आली. माझ्या कोऱ्या कागदाकडे बघून म्हणाली, "चित्र काढतो का बाबा?"

म्हटलं, "हो, पाऊस थांबला की काढतो."

आजी हसली. "पाऊस थांबल्यावर? मग दसऱ्यालाच ये की!"

आणि जुडी घेऊन परत चिखलात उतरली.

मित्रांनो, मला तिथे तो श्लोक आठवला. मी तितिक्षेचा अर्थ इतकी वर्षं चुकीचा लावत होतो. मला वाटायचं, सोसणं म्हणजे वाईट दिवस जाईपर्यंत दात-ओठ खाऊन गप्प बसणं. ते तर मी छत्रीखाली बसून करतच होतो! आणि तीन आठवडे घरीही तेच करत होतो. बाहेरून शांत आणि आतून चरफड. विवेकचूडामणीत तितिक्षेचं लक्षण दिलंय, त्यात नुसतं दुःख सहन करणं पुरत नाही. ते चिंता न करता, रडगाणं न गाता सहन करायचं आहे. माझ्याकडे चिंता आणि रडगाणं या दोनच गोष्टी होत्या.

शिवाय हेही बघा, कृष्ण चौदाव्या श्लोकात 'सोस' म्हणतो आणि अठराव्या श्लोकात, म्हणजे फक्त चार श्लोकांनंतर, 'लढ' म्हणतो. मध्ये 'सगळं ठीक होईपर्यंत थांब' असं कुठेच नाही. सोसायचं ते हवामान, आणि त्या हवामानात करायचं ते आपलं काम. आवणीच्या त्या बायका दोन्ही गोष्टी एकाच वेळी करत होत्या.

मग मी तिसरा कागद घेतला, लहान, वहीच्या पानाएवढा. पाणी कमी केलं, रंग दाट घेतला. बोर्ड तिरका धरला म्हणजे थेंब साचणार नाहीत. गड दिसेल तेव्हा गड, नाहीतर धुकं, असं ठरवलं. फ्रान्सचा मोने १८९०-९१ मध्ये गवताच्या गंजी रंगवताना सोबत अनेक कॅनव्हास न्यायचा. उजेड बदलला की हातातला बाजूला ठेवून दुसरा घ्यायचा. उजेडाशी भांडायचा नाही. माझ्याकडे एवढे कागदही नव्हते आणि तेवढी अक्कलही नव्हती, पण चाळीस मिनिटांत एक चित्र झालं. त्यात रतनगड नाही. धुकं आहे, पाणी आहे आणि खालच्या कोपऱ्यात वाकलेल्या पाच-सहा आकृत्या आहेत. आभाळात एक फुलकोबी आहेच. तो राहू दिला.

परतताना गाडी प्रवरेच्या सोबतीने येत होती. ही नदी रतनवाडीजवळच्या डोंगरात उगम पावते, भंडारदऱ्यात थांबते, अकोल्यावरून आमच्या संगमनेरला येते आणि पुढे नेवाशाला जाते. त्याच नेवाशाला, जिथे शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, माऊलींनी एका खांबाला टेकून गीतेवर निरूपण केलं आणि सच्चिदानंदबाबांनी ते लिहून घेतलं. तो पैस खांब आजही तिथे आहे. आता माऊलींच्या आयुष्यातलं त्या वेळचं हवामान आठवा. परंपरा सांगते, आईवडिलांनी देह टाकलेला. चारही भावंडं वाळीत. शुद्धिपत्रासाठी पैठणपर्यंत पायपीट झालेली. वय पंधरा-सोळा. 'जरा दिवस बरे येऊ देत, मग लिहू' असं म्हणायला त्यांच्याइतकं सबळ कारण कुणाकडे असेल? ते थांबले असते तर आज आपल्या हातात ज्ञानेश्वरी नसती. आणि एवढं सोसून शेवटी मागितलं काय, तर सगळ्या विश्वासाठी पसायदान. चरफडीचा एक शब्द नाही.

मी आजीच्या त्या वाक्यावर आणि या विचारावर गाडी चालवत घरी आलो. संध्याकाळी सगळे स्वयंपाकघरात होते. आई भाकरी थापत होती, टीव्हीवर बातम्या होत्या, बाबांची आणि तिची कशावरून तरी कुरबुर चालली होती. सांगायला अजिबात योग्य वेळ नव्हती. सांगून टाकलं.

आई थापता थापता थांबली. बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत, मग विचारलं, "घराचा हप्ता किती आहे?" बायको म्हणाली, "तुझी बॅग हलकी झालीये हे मला पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. तू कधी सांगतोस याची वाट बघत होते." त्या रात्री ती माझ्याशी फारसं बोलली नाही. नोकरी गेल्याचा राग नव्हता. मी तिला तीन आठवडे बाहेर उभं केलं, याचा होता. तो राग मी सोसला. तोही हवामानासारखाच आला आणि काही दिवसांनी गेला.

खोटं सांगत नाही, सांगितल्याने नोकरी मिळाली नाही. आजही छोटी-मोठी कंत्राटी कामं करतोय, हप्ता दोघं मिळून भरतोय. पण डबा घेऊन वाचनालयात लपायला जावं लागत नाही. आभाळ अजून स्वच्छ नाही, पण चित्र सुरू आहे.

आजचा गृहपाठ : 'परिस्थिती नीट झाली की करू' म्हणून ठेवलेली एक गोष्ट आठवा. एखादा फोन, एखादी माफी, एखादं खरं बोलणं, किंवा रोजची राहून गेलेली दहा मिनिटांची पोथी. ती आज करा. लहान कागदावर करा, बिघडली तरी चालेल. आणि करताना मनाला एवढंच सांगा, ही हवा येणारी आहे, जाणारी आहे.

उद्या याच अध्यायातला पुढचा श्लोक घेऊ.

राम कृष्ण हरी!