विचारायचं राहिलेलं नाव

बारा-तेरा वर्षांपूर्वी पुण्यातल्या एका सामूहिक प्रदर्शनात माझा एक फोटो लागला होता. साखर कारखान्याच्या आवारात, ऊसतोड कामगारांच्या कोप्यांपुढे बसलेली एक बाई. मांडीवर कोयता, नजर फ्रेमच्या बाहेर कुठेतरी. मूळ फोटो रंगीत होता. तिने साडीवरून नवऱ्याचा निळा शर्ट घातला होता आणि मागे कुणाची तरी जांभळी प्लास्टिकची बादली होती. ती बादली मला फार खुपली. मी फोटो कृष्णधवल केला. बादली निमूटपणे राखाडी झाली आणि बाई एकदम चिरंतन वगैरे दिसू लागली. जाड मॅट कागदावर प्रिंट, पांढरा माउंट, काळी फ्रेम. खाली शीर्षक: 'प्रतीक्षा'. त्याखाली माझं नाव, त्याखाली किंमत.

उद्घाटनाच्या संध्याकाळी एका आजींनी विचारलं, "कशाची वाट बघतेय हो ती?" मी काळ, विस्थापन असं काहीतरी बोललो. खरं तर ती ट्रॅक्टरची वाट बघत असेल. किंवा कसलीच नाही, नुसती दमून बसली असेल. मी विचारलं नव्हतं. नावही विचारलं नव्हतं. फोटो विकला गेला.

माध्यम, विषय आणि मांडणी यांतून छायाचित्रकार आपला विचार पोचवतो, असं आम्हाला शिकवलं होतं. ते खरंच आहे. पण तो विचार पोचवताना समोरच्या माणसाकडून आपण काय काढून घेतो, याबद्दल कुणी बोललं नव्हतं. मुकादमाच्या वहीत नवरा-बायको मिळून 'एक कोयता' धरतात. म्हणजे तिथे ती निदान अर्धी तरी होती. माझ्या भिंतीवर ती एक भाववाचक नाम झाली होती.

याचं सगळ्यात मोठं उदाहरण डोरोथिया लँग यांच्या फोटोचं. मार्च १९३६, कॅलिफोर्नियातलं निपोमो, वाटाणे तोडणाऱ्या मजुरांची छावणी. लँग सरकारी कामावर होत्या. बत्तीस वर्षांची एक आई आणि तिला बिलगलेली पोरं यांचे मोजकेच फोटो काढून त्या निघाल्या. नाव विचारलं नाही, हे त्यांनी स्वतःच पुढे लिहून ठेवलं. 'मायग्रंट मदर' या नावाने तो फोटो जगभरच्या संग्रहालयांत गेला. तंबूच्या खांबाला धरलेल्या हाताचा अंगठा कोपऱ्यात दिसत होता, तो लँगनी नंतर निगेटिव्हवर पुसून घेतला. हे वाचलं तेव्हा मला माझी बादली आठवली.

त्या बाईंचं नाव फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्प्सन. ते लोकांना कळायला १९७८ साल उजाडलं. तेव्हा त्या स्वतः बोलल्या. या फोटोचा एक पैसाही आपल्याला मिळालेला नाही, तो काढलाच नसता तर बरं झालं असतं, असं त्यांचं म्हणणं होतं. १९८३ मध्ये त्या आजारी पडल्या, मुलांनी मदतीचं आवाहन केलं, आणि लोकांनी हजारो डॉलर पाठवले. सत्तेचाळीस वर्षं लोक त्या चेहऱ्याकडे बघून हळहळत होते. पैसे पाठवायला मात्र कुणाला पाठवायचे ते माहीत असावं लागतं.

पण लँगना आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करून मोकळं होता येत नाही. ते फोटो वर्तमानपत्रात छापून आल्यावर सरकारने त्या छावणीत अन्न पाठवलं. तोवर थॉम्प्सन यांचं कुटुंब पुढे निघून गेलं होतं, पण बाकीचे उपाशी मजूर तिथेच होते. नाव विचारत, चहा पीत बसणाऱ्या फोटोग्राफरकडून ते झालं असतं का? शिवाय नाव छापणं नेहमी भल्याचंच असतं असंही नाही. ऊसतोडीची बाई मुकादमाबद्दल काही बोलली आणि तिचं नाव भिंतीवर लागलं, तर पुढच्या हंगामात उचल मिळताना काय होईल, हे सांगायला नको.

मग दाखवायचंच नाही का? आल्फ्रेडो जार या चिली देशातल्या कलावंताने ते करून बघितलं. १९९४ च्या नरसंहारानंतर तो रवांडात गेला, खूप फोटो काढले, आणि १९९५ च्या प्रदर्शनात ते काळ्या पेट्यांत बंद करून ठेवले. झाकणावर फक्त मजकूर: आत कोण आहे, कुठे आहे, काय घडलं. पेट्या एकावर एक रचलेल्या, थडग्यांसारख्या. पुढच्या वर्षीच्या कामाचं नावच 'गुतेते एमेरिताचे डोळे'. तिच्या नवऱ्याला आणि दोन मुलांना तिच्यासमोर मारलं होतं. प्रकाशपेटीवर आधी हे सगळं वाचावं लागतं, मग क्षणभर फक्त तिचे डोळे दिसतात. मी हे पुस्तकातच पाहिलंय, तरी पान उलटवायला वेळ लागला. इथे नाव आधी येतं, चेहरा नंतर, आणि तोही पुरता मिळत नाही. तरीही मनात शंका राहतेच. प्रेक्षकाला ओशाळं करणं हासुद्धा शेवटी एक देखणा प्रयोगच नाही का?

गेल्या वर्षी एका प्रदर्शनासाठी 'प्रतीक्षा' पुन्हा मागितला गेला. मी कळवलं, रंगीत प्रत लावा, बादलीसकट. खाली महिना आणि साल लिहा, आणि लिहा: 'छायाचित्रकाराने नाव विचारलं नाही.' मांडणी बघणारी मुलगी तरुण होती, पण विचारी. ती फोनवर म्हणाली, "सर, मग लोक तिच्याकडे नाही, तुमच्याकडे बघतील."

मला उत्तर सुचलं नाही, अजूनही सुचलेलं नाही. फोटो पाठवला नाही. रंगीत फाइल मात्र अधूनमधून उघडतो. बादलीवर ऑइलपेंटने काहीतरी लिहिलेलं आहे, बहुधा कुणाचं तरी नाव. मोठं करून बघितलं, पण अक्षरं लागत नाहीत; फोकस बाईच्या चेहऱ्यावर आहे.