दोन हातांचा प्रश्न

नमस्काराला दोन हात लागतात आणि कॅमेऱ्यालाही दोनच. श्रीलंकेला जायचं ठरल्यापासून आमच्या घरात या एका अडचणीवर जितकं बोलणं झालं, तितकं तिकिटांवरही झालं नाही. तिकिटं, ईटीए, विमा सगळं मुलानं संगणकावर बसून उरकलं. जादा बॅटऱ्या मोठ्या बॅगेत नाही, जवळच्या पिशवीत ठेवायच्या, हेही त्यानंच बजावलं. आम्ही म्हणजे मी, जळगावची, बँकेतून निवृत्त. आणि हे, मूळ धुळ्याचे, शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त. निवृत्तीच्या पैशांतून यांनी पहिल्यांदा घेतला तो कॅमेरा. आता दोघांचा पहिला परदेश, तोही फोटोंसाठी. यात्रेसाठी नव्हे, असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात. अनुराधपूर, पोलोन्नरुव, दंबुल्ला, कँडी अशी यादी खिशात घालून हे म्हणायचं म्हणजे धाडसच.

श्रीलंकेत बुद्धमूर्तीकडे पाठ करून फोटो काढून घेणं अपमानाचं समजतात, आणि मूर्तीशी थट्टा केली तर गोष्ट कोर्टापर्यंत जाते. 2012 मध्ये तीन फ्रेंच प्रवाशांनी मूर्तीचं चुंबन घेतल्याचे फोटो काढले, गॉलमध्ये लॅबला छापायला दिले. लॅबवाल्यानं पोलिसांना कळवलं आणि तिघांना 6 महिन्यांची स्थगित शिक्षा झाली. ‘आपण काही असले चाळे करणार नाही,’ हे म्हणाले. चाळ्यांचं सोडा, पाठीचं बोला. माझी आई सप्तशृंगीच्या गडावर दर्शन झालं की मागे मागे पावलं टाकत बाहेर यायची, मागच्या माणसाच्या पायावर पाय पडला तरी चालेल, पण देवीला पाठ नाही. आता आपण कुठल्याही देवळासमोर देवाला मागे ठेवून पुढे हसत उभे राहतो. त्या क्षणी आपलं तोंड असतं ते व्हॉट्सॲपवरच्या नातेवाइकांकडे. सिंहली लोकांना खटकतं ते हेच असावं, आणि आईलाही खटकलं असतं.

सराव म्हणून आम्ही अजिंठ्याला गेलो. जळगावकरांना ते घरच्यासारखंच, साठेक किलोमीटर. फर्दापूरहून लेण्यांची बस धरायची, फ्लॅश बंद, स्टँडला परवानगी लागते, म्हणजे अंधारात हात स्थिर ठेवून फोटो काढायचा. कँडीत, दंबुल्लात जी तारांबळ उडणार तिची रंगीत तालीम इथेच. सतराव्या लेण्यात राजा सिंहल सैन्य घेऊन लंकेत उतरतो ते भलंथोरलं चित्र आहे: हत्ती, होड्या, भाले. ज्या देशाला आम्ही अनोळखी म्हणतोय तो आमच्या शेजारच्या डोंगरात पंधराशे वर्षांपासून रंगवलेला आहे. यांनी आयएसओ वाढवला आणि हत्तींच्या मागे लागले.

खरा तंटा सव्विसाव्या लेण्यात झाला. तिथे महापरिनिर्वाणाची आडवी मूर्ती आहे, सात मीटरच्या आसपास. पांढऱ्या कपड्यांतले काही यात्रेकरू खाली बसून हळू आवाजात सुत्तं म्हणत होते. मी हात जोडले, डोळे मिटले. डोळे उघडले तेव्हा हे त्यांच्याच पलीकडून कॅमेरा रोखून उभे. बाहेर आल्यावर मी म्हटलं, ‘तुम्ही नमस्कारसुद्धा केला नाही.’ तर यांनी पडद्यावर फोटो मोठा करून दाखवला. मूर्तीच्या खालच्या पट्ट्यात रडणारे शिष्य, एकेकाचा चेहरा वेगळा. ‘हे पाहिलेस?’ नव्हते पाहिले. आजवर इतक्या वेळा त्या लेण्यात गेले आणि दर वेळी ऐन समोर डोळे मिटून घेतले. आपल्यात असंच चालतं. चार तास रांगेत उभं राहायचं आणि देव दिसला की डोळे झाकायचे.

मग मी दुसऱ्या बाजूनं आले. सत्यनारायणाला यजमान पळीनं पाणी सोडतो आणि बायको त्याच्या हाताला हात लावून बसते. तेवढ्यानं पूजा दोघांची होते. तोच नियम लंकेत लावायचा का? मी हात जोडीन, तुम्ही माझ्या कोपराला कोपर लावून फोटो काढा. ‘फोटो हलेल,’ हे म्हणाले. शिवाय मला स्वतःलाच ते पटत नव्हतं. पुण्यात भागी होत असेल, पाहण्यात कशी होईल?

बँकेतले माझे एक बौद्ध सहकारी आहेत, त्यांना विचारलं. 1950 साली बाबासाहेब कँडीच्या बौद्ध परिषदेला गेले होते, तिथपासून त्यांनी सुरुवात केली. मग मुद्द्यावर आले. श्रीलंकेतल्या थेरवादात आपलं पुण्य दुसऱ्याला देता येतं, त्याला पत्तिदान म्हणतात. पण घेणाऱ्यानं ते जाणून, आनंदानं अनुमोदन द्यावं लागतं. कोपर लावून भागत नाही. ‘आणि ताई, तिथे काही मागू नका. तो देणारा देव नाही.’ हे मात्र मला जड गेलं. आपण देवळात जातो ते देवानं आपल्याला बघावं म्हणून. जो निर्वाणाला गेला, जो बघतच नाही, त्याच्यापुढे उभं राहून करायचं काय? आणि तो बघत नसेल, तर त्याच्यावर कॅमेरा रोखल्यानं बिघडतं कुणाचं?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही. दुसऱ्याचं थोडंसं सापडलं, तेही यांच्याकडच्या एका पुस्तकात. आनंद कुमारस्वामींनी मध्ययुगीन सिंहली कलेवर 1908 मध्ये ग्रंथ लिहिला, त्यात मूर्तीचे डोळे रंगवण्याच्या विधीचं वर्णन आहे, नेत्रमंगल. सगळी मूर्ती पुरी झाली तरी डोळे ठेवतात शेवटी. ते काढणारा कारागीर मूर्तीकडे थेट बघत नाही. तो पाठ करून उभा राहतो, हातात आरसा धरतो आणि आरशात बघून खांद्यावरून कुंचला चालवतो. नव्यानं उघडलेल्या डोळ्यांची पहिली नजर अंगावर घेणं माणसाला झेपत नाही, अशी समजूत. आपल्याकडेही प्राणप्रतिष्ठेला डोळ्यांवरची पट्टी सोडली की आधी आरसा दाखवतात. म्हणजे ग्रंथात काही का असेना, लोकांच्या मनात ती मूर्ती बघतेच.

हे वाचून यांना केवढा आनंद! ‘बघ, त्याची पाठच होती. आणि आरसा माझ्या कॅमेऱ्यातही आहे, मीही आरशातूनच बघतो.’ आरसा आहे, खरं आहे; जुन्या पद्धतीचा डीएसएलआर आहे आमचा. पण तो कारागीर मूर्तीला डोळे देत होता, तुम्ही तिथून काहीतरी घेऊन येणार. त्याची पाठ भीतीनं होती, तुमचा रोख हौसेचा. यावर यांनी रॉबर्ट गिल पुढे केला. मेजर गिल 1844 पासून अजिंठ्यात वर्षानुवर्षं चित्रांच्या नकला करत बसला, पुढे फोटोही काढले. 1866 च्या आगीत लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये त्याच्या बहुतेक नकला जळाल्या, तरी पठ्ठ्या पुन्हा कामाला लागला. 1879 मध्ये वारला, भुसावळला पुरलाय. ‘इतकं बघणाऱ्यानं नमस्कार केला नाही म्हणायचं का?’ मला गिलपेक्षा त्याच्या सहचारिणीची, अजिंठा गावात जिची कबर आहे त्या पारोची आठवण आली. 1856 मध्ये ती गेली. तो बघत होता ती सगळी वर्षं ती काय करत होती, हे कुणी लिहून ठेवलेलं नाही.

धुळ्याला सासूबाईंना सांगायला गेलो, तर त्यांचा एकच सवाल: ‘देव आठे बी शे, मंग तठे कसाले?’ यावर हे गप्प बसले, कारण त्यांच्या आवडत्या फोटोग्राफरचंही म्हणणं जवळजवळ तेच होतं. चाळीसगावचे केकी मूस. विलायतेत शिकून आले आणि पुढची सुमारे 50 वर्षं स्टेशनजवळच्या घरातून क्वचितच बाहेर पडले. टेबलावर कापूस, काचेचे तुकडे, वाळक्या काड्या मांडून डोंगर आणि बर्फ उभे केले, फोटो काढले, जगभरची बक्षिसं मिळवली. परक्या मुलखाची गरज नाही याचा एवढा मोठा पुरावा खान्देशात दुसरा नसेल. मी मात्र सासूबाईंना म्हटलं, मूससाहेब आधी जाऊन आले होते. न जाता घरी बसणं वेगळं आणि येऊन बसणं वेगळं. त्यांना ते पटलं असं नाही.

तर तोडगा असा निघालाय. कँडीच्या दंतमंदिरात भांडणच नाही, धातू म्हणजे बुद्धाचा दात, तो डब्यांच्या आत असतो, पूजेच्या वेळी दिसतो तो बाहेरचा करंडक. सिगिरियाच्या चित्रांचे फोटो काढू देत नाहीत, तिथेही सुटलो. बाकी ठिकाणी कॅमेरा एकाच्या गळ्यात, आणि पाळी आलटून पालटून. ज्या देवळात माझी पाळी, तिथे हे रिकाम्या हातांनी आत जातील, हात जोडतील, पण डोळे उघडे ठेवून. माझे डोळे तर कॅमेऱ्यामुळे आपोआपच उघडे राहतील. पोलोन्नरुवच्या गल विहारात, चौदा मीटरच्या आडव्या बुद्धाच्या डोक्याखाली दगडी उशी दबलेली दाखवली आहे. ती कुणाच्या वाट्याला यावी यावर अजून एकमत नाही. यांना ती हवीच आहे, आणि मला द्यायची नाही.

कपड्यांचंही राहिलंय. तिथे देवळात पांढरं नेसून जातात. प्रवाशांना सक्ती नाही, खांदे आणि गुडघे झाकले की पुरे. पण मला पांढरी साडी न्यायची आहे. सासूबाई म्हणतात, कपाळी कुंकू असताना पांढरं कसलं नेसायचं. मी काठ लाल घेते म्हटलं, तर म्हणाल्या, मग हिरव्या बांगड्याही भर. ‘त्या शटरवर वाजतील,’ हे म्हणाले. सासूबाई म्हणाल्या, वाजू देत.