चुकलेला मुकुट

माणसाने आयुष्यात एखादा तरी पराक्रम करावा, असे मलाही फार वाटे. पण एन.सी.सी.त 'दाहिने मुड'ला मी डावीकडे वळलो आणि माझी लष्करी कारकीर्द पहिल्याच रविवारी आटोपली. पराक्रम नाही तर नाही, निदान पराक्रमाचे बिल्ले तरी जमवावेत, म्हणून मी जुन्या पलटणींच्या टोप्यांवरचे बिल्ले गोळा करू लागलो. "दुसऱ्याच्या शौर्यावर आपला ब्रासो खर्च करणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहतेय," असे आमच्या हिचे मत आहे.

पण बिल्ल्यांचे जग मोठे मजेचे! ग्लॉस्टरशायरची २८वी पलटण २१ मार्च १८०१ रोजी अलेक्झांड्रियाला पुढून आणि मागून एकदमच शत्रू आल्यामुळे पाठीला पाठ लावून लढली. म्हणून त्या पलटणीला टोपीच्या मागेही बिल्ला लावायचा मान मिळाला. पहिल्या महायुद्धात निकेल वाचवायला १९१६ साली दोन धातूंचे बिल्ले नुसत्या पितळेचे झाले. दुसऱ्या महायुद्धात तर प्लास्टिकचे निघाले. शौर्य तेच, फक्त पितळ महाग!

माझ्या संग्रहाचा मुकुटमणी म्हणजे ११०व्या मराठा लाइट इन्फन्ट्रीचा बिल्ला. बाजारात भंगाराच्या चादरीवर तो मला साडेतीनशे रुपयांना मिळाला. मधे बिगूल, त्यात ११०चा आकडा, वर मुकुट आणि एका कडेला पोचा. ही पलटण कूटच्या वेढ्यात होती. तैग्रिसच्या काठी १४७ दिवस उपासमार सोसून तिथल्या फौजेने २९ एप्रिल १९१६ रोजी शस्त्रे खाली ठेवली. पुढे कैदेत कित्येक जण मेले. रोज रात्री मी त्या पोच्यावरून बोट फिरवी आणि साताऱ्या-रत्नागिरीकडच्या त्या अनाम पोरांना मनोमन नमस्कार करी. एकदा तर डोळ्यांत पाणी आले.

मग एक दिवस एक जाणकार गृहस्थ घरी आले. त्यांनी चहाचा घोट घेतला, भिंग लावले आणि म्हणाले, "मुकुट बघितलात का? मधे खाली दबलाय. हा एलिझाबेथ राणीचा. १९५२ साली राजा गेला, त्यानंतरचा. आणि ११०वी पलटण त्या नावाने १९२२ सालीच संपली."

म्हणजे माझ्या शिपायाने कूटच्या वेढ्यात, अजून न जन्मलेल्या राणीचा मुकुट मिरवला होता! त्यांनी बिल्ला उलटा केला. ठशाने ठोकलेल्या बिल्ल्याच्या पाठीवर नक्षीची खोलगट बाजू दिसते. माझ्याची पाठ ओतीव आणि सपाट होती, आमच्या पोळपाटासारखी.

प्रश्न साडेतीनशे रुपयांचा नव्हता. (थोडा होता.) प्रश्न हा, की त्या डोळ्यांतल्या पाण्याचे काय? तेही नकलीच का?

शेजारी मराठा लाइट इन्फन्ट्रीतून निवृत्त झालेले एक सुभेदार राहतात. त्यांच्याकडे गेलो. त्यांचा स्वतःचा बिल्ला घासून घासून इतका गुळगुळीत झालेला, की अशोकाच्या सिंहांना नाक म्हणून उरले नव्हते. संग्राहकांच्या बाजारात असल्या मालाला भाव नाही. गोदामात निजून काढलेला बिल्ला महाग आणि टोपीवर राबलेला स्वस्त!

"सुभेदारसाहेब, हा तुमचा पहिल्यापासूनचा?" मी विचारले.

"छ्या! दोन हरवले. हा तिसरा. विकत घेतलेला."

"मग खरा कुठला?"

"जो परेडीला टोपीवर असंल, त्यो खरा," सुभेदार म्हणाले आणि पेपर वाचू लागले.

मी तरंगतच घरी आलो. खरेपणा पितळेत नसतोच मुळी! माझा नमस्कार त्या पोरांना होता, तो पोचला. बिल्ला फक्त पोस्टमन. पोस्टमनची टोपी खोटी असली म्हणून पत्र का खोटे ठरते?

दुसऱ्याच दिवशी आमच्या आळीतला एक कॉलेजातला मुलगा आला. त्याला नुकताच हा नाद लागलेला. ११० आकडा बघताच त्याचे डोळे चमकले. "काका, पाचशे देतो."

आणि माझे तत्त्वज्ञान चटकन माझ्याच मदतीला धावले. खरेपणा पितळेत नसतो ना? मग दे की! त्याच्याही डोळ्यांत पाणी येईल, नमस्कार पोचेल, शिवाय दीडशे रुपये नफा. युक्तिवादात कुठे फट दिसेना. घाम मात्र फुटला.

तेव्हा उमगले, की जो विचार आपल्या फसगतीवर मलम लावतो, तोच दुसऱ्याला फसवायला हत्यार म्हणूनही चालतो. मी नमस्कार केला तेव्हा मला माहीत नव्हते; आता मला माहीत होते. सगळा फरक तेवढाच, पण तो पितळेत नव्हता, माझ्यात होता. सुभेदारांनी तिसरा बिल्ला कधी पहिला म्हणून खपवला नव्हता.

मी मनावर धोंडा ठेवून मुकुटाची सगळी हकीकत त्याला सांगितली. मुलगा थोडा वेळ गप्प बसला. मग हळूच म्हणाला,

"काका, म्हणजे चुकलेल्या मुकुटाचा? मग तर हा फारच दुर्मीळ! सहाशे देतो."