वापरात राहणारी कुबडी
जागतिक व्यवसायोपचार महासंघाने 2012 मध्ये पर्यावरणीय शाश्वततेविषयी आपली भूमिका जाहीर केली. पक्षाघात झालेल्या माणसाला पुन्हा स्वतःच्या हाताने घास घेता यावा म्हणून झटणाऱ्या शास्त्राचा हवामानबदलाशी काय संबंध, असा प्रश्न त्यावर कुणालाही पडावा. पण हा विषय व्यवसायोपचाराच्या जन्मापासून त्याच्यासोबत आहे, मध्यंतरी तो नजरेआड झाला, असे मला वाटते. न्यूयॉर्क राज्यातल्या क्लिफ्टन स्प्रिंग्ज येथे 1917 मध्ये या शास्त्राची अमेरिकेतली पहिली संघटना उभी राहिली. तिच्या विचारांवर रस्किन आणि मॉरिस या इंग्रज विचारवंतांपासून निघालेल्या हस्तकला चळवळीची छाप होती. यंत्राने माणसाचे काम तोडून टाकले, आणि त्यात काम करणारा व निसर्ग दोघेही झिजले, ही त्या चळवळीची टीका होती. म्हणूनच सुरुवातीच्या उपचारांत विणकाम, सुतारकाम, बागकाम आले. 1922 मध्ये मानसोपचारतज्ज्ञ अॅडॉल्फ मायर यांनी काम, खेळ, विश्रांती आणि झोप यांच्या लयीवर आरोग्य उभे असते, असे मांडले.

पुढे महायुद्धांतल्या जखमींचे पुनर्वसन आले, रुग्णालयाची शिस्त आली आणि प्लास्टिकही आले. गरम पाण्यात मऊ करून हाताच्या आकारात बसवायचे स्प्लिंट सोयीचे ठरले, यात शंका नाही. पण वस्तू कुठून येते आणि वापरून झाल्यावर कुठे जाते, हे उपचाराच्या कक्षेबाहेर पडले. 1990 च्या दशकात व्यक्ती, परिसर आणि कृती यांचा एकत्र विचार करणारी प्रारूपे मांडली गेली, तरी परिसर म्हणजे मुख्यतः उंबरठा, शौचालय आणि घरच्यांची वागणूक, एवढाच अर्थ व्यवहारात उरला. ऑस्ट्रेलियाच्या अॅन विलकॉक यांनी 1998 मधल्या आपल्या ग्रंथात ही चौकट रुंदावली आणि माणसांच्या रोजच्या कृतींचा संबंध भोवतालच्या सृष्टीच्या आरोग्याशी जोडला. महासंघाची 2012 ची भूमिका आणि 2018 ची मार्गदर्शक तत्त्वे याच वाटेवरची आहेत.

या विचारावरचा आक्षेप मात्र गंभीर आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2022 च्या अहवालानुसार सुमारे 250 कोटी लोकांना किमान एका साहाय्यक साधनाची गरज आहे, आणि काही गरीब देशांत गरजूंपैकी जेमतेम 3 टक्क्यांना ते मिळते. ज्यांच्या हाती कुबडीच पोहोचली नाही, त्यांना काटकसर शिकवणे अन्यायाचे आहे. प्लास्टिकच्या नळ्यांवर बंदी आली तेव्हा नळीशिवाय पाणी पिऊ न शकणाऱ्या अपंगांनाच त्याची झळ बसली, हेही विसरता येत नाही. तेव्हा भार रुग्णावर टाकायचा नाही, हे आधीच ठरवून घ्यावे. माझा रोख फुकट जाणाऱ्या साधनांकडे आहे. चाळीतल्या अरुंद मोरीत न शिरणारी कमोड खुर्ची, टायर तालुक्याच्या गावीही मिळत नाही म्हणून अंगणात गंजणारी चाकाची खुर्ची, यांत रुग्णाचे आणि पृथ्वीचे नुकसान एकाच वेळी होते. जखमेला लागणारे साहित्य एकदाच वापरायचे, यावर वाद नाही. वॉकरला तो नियम लावायचे कारण नाही, तो स्वच्छ करून, तपासून दुसऱ्याला देता येतो.

साधन वापरात राहिले पाहिजे, ही समज आपल्याकडे नवखी नाही. कमला निंबकर यांनी 1950 मध्ये मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात देशातले पहिले व्यवसायोपचार विद्यालय सुरू केले, आणि 1952 मध्ये जागतिक महासंघ स्थापन करणाऱ्या देशांत भारत होता. पुढे साठच्या दशकाच्या अखेरीस जयपूर फूट हे कृत्रिम पाऊल तयार झाले. ते व्यवसायोपचारातून आले नाही, पण धडा तोच देते. उकिडवे बसणे, अनवाणी चालणे, शेतात उतरणे लक्षात घेऊन स्थानिक कारागिराने ते घडवले, म्हणून ते वापरात राहिले.

आणखी एक गोष्ट या चर्चेत मागे पडते. मानेच्या वा पाठीच्या वरच्या भागात मज्जारज्जूला इजा झालेल्या माणसाला इजेच्या खालच्या शरीरात नीट घाम येत नाही, त्यामुळे त्याला उष्णता सोसत नाही. विदर्भातल्या मे महिन्यात त्याचे दुकान, शिवणयंत्र, कामावर जाणे, सारेच बंद पडू शकते. अशा रुग्णाच्या घरभेटीत छताला चुना लावणे, कामाची वेळ पहाटेवर नेणे, पाणी हाताशी ठेवणे यांचा विचार चढते तापमान लक्षात घेऊन झाला पाहिजे, आणि महाविद्यालयांच्या अभ्यासक्रमात तो आजच शिकवायला हवा.