साल आणि पाणी

फेब्रुवारी-मार्चमध्ये तासगाव, कवठेमहांकाळ भागात बेदाण्याच्या शेडवर एक काम डोळ्यांत भरतं. द्राक्षाच्या सालीवर मेणाचा पातळ थर असतो. घड तसाच वाळत टाकला, तर आतलं पाणी आठवडेच्या आठवडे बाहेर पडत नाही. म्हणून पाण्यात पोटॅशियम कार्बोनेट आणि ‘डिपिंग ऑइल’ म्हणजे इथाइल ओलिएट मिसळून त्यात द्राक्षं बुडवून काढतात. मेणाचा थर सैल होतो, पाण्याला वाट मिळते आणि जाळीवर पंधरा-अठरा दिवसांत बेदाणा होतो. भूमध्य समुद्राकाठचे जुने शेतकरी हेच काम राखेचं पाणी आणि ऑलिव्हचं तेल घेऊन करत.

थोडक्यात, द्राक्षाला तेल लावायचं ते पाणी घालवायला. आपण अंगाला लावतो ते नेमकं पाणी टिकवायला.

आपल्या कातडीच्या वरच्या थरातही पेशींच्या मधल्या फटींत स्निग्ध पदार्थ लिंपलेले असतात. त्यांच्या घडणीत लिनोलेइक आम्ल लागतं. ते कमी पडलं की अंगातलं पाणी उडत राहतं. माण-खटावच्या कोरड्या थंडीत नडगीवर नखाने ओढलेली पांढरी रेघ उठते, त्यामागेही पाण्याचा हाच तुटवडा असतो. द्राक्षबियांच्या तेलात निम्म्याहून खूप जास्त, साधारण 60 ते 75 टक्के, लिनोलेइक आम्ल असतं. शिवाय ते हलकं, चिकटपणा नसलेलं. त्याचं कौतुक होतं ते यामुळे. आंघोळीनंतर ओलसर अंगावरच दोन थेंब चोळावेत, म्हणजे आहे ते पाणी अडतं.

गंमत अशी, की द्राक्षाच्या या मुलखात बीच नाही! थॉमसन, तासगावची तास-ए-गणेश, सोनाका, सगळ्या बिनबियांच्या. बी मिळते ती वाईनच्या द्राक्षांच्या चोथ्यात, आणि शंभर किलो बियांतून तेल निघतं जेमतेम दहा-पंधरा किलो. बियांचं खरं फळ आटपाडीचं डाळिंब. त्याच्या तेलात प्युनिसिक आम्ल असतं, इतर तेलांत क्वचितच सापडणारं. पण रस काढल्यावर बिया बहुधा उकिरड्यावरच जातात. याची हळहळ वाटते.

तरी छोट्या बाटलीतल्या महागड्या द्राक्षबी तेलापुढे मी फार भारावत नाही. जत आणि माणकडे ज्वारीत करडईचे पाटे टाकायची जुनी पद्धत आहे. नेहमीच्या करडईच्या तेलात लिनोलेइक आम्ल 75 टक्क्यांच्या आसपास, म्हणजे द्राक्षबीच्या तोडीस तोड. वास थोडा उग्र येतो, हे खरं. दोन्ही तेलं लवकर खवट होतात, म्हणून घ्यायची ती थोडी आणि ठेवायची अंधारात. करडईचं तेल घाण्यावर पावशेरही मिळतं. बाटली तेवढी घरून न्यावी.